जाळी घाटासाठी, किंमत सपाटीवर

गाडीच्या तोंडावरच्या जाळीचा आकार घाटात ठरतो आणि त्याची किंमत मात्र सपाट रस्त्यावर मोजावी लागते, असे मी भाच्याला सांगितले तेव्हा मी विषय टाळतो आहे असे त्याला वाटले. तो नवी गाडी घेण्याच्या विचारात आहे आणि त्याचा प्रश्न अगदी सरळ होता: "मामा, इलेक्ट्रिक गाडीचे तोंड जवळजवळ बंद असते आणि पेट्रोलच्या गाडीचे उघडे. मग त्या उघड्या तोंडापायी ॲव्हरेज किती जाते?" याचे उत्तर एका आकड्यात देता येते, परंतु तो आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्याचा काही उपयोग होत नाही. यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे उत्तर लांबवण्याची मला सवयच आहे, तेव्हा जे त्याला तोंडी सांगितले तेच येथे जरा नीट मांडतो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला या विषयाची दोन्ही टोके हाताशी सापडतात. एक टोक म्हणजे चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारा रस्ता: बाहेर चाळीस अंशांच्या आसपास ऊन, गाडीत पाच माणसे आणि सामान, एसी चालू, दुसरा गिअर, आणि पुढे वाहनांची रांग. दुसरे टोक म्हणजे समृद्धी महामार्ग, जेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा आहे आणि डिसेंबरातल्या पहाटे निफाड-सिन्नरच्या बाजूची हवा अंगाला झोंबण्याइतकी गार असते. दोन्ही ठिकाणी गाडी तीच आणि तिच्या तोंडावरची जाळीही तीच असते. पहिल्या ठिकाणी ती जाळी अपुरी पडण्याच्या बेतात असते, तर दुसऱ्या ठिकाणी गरजेच्या कितीतरी पट मोठी ठरते.

हे शब्दांत सांगण्यापेक्षा आकड्यांत सांगितलेले बरे. एक मध्यम आकाराची हॅचबॅक धरू. माणसांसह वजन 1500 किलो, समोरून दिसणारे क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर आणि रोधांक, म्हणजे गाडीच्या आकारामुळे हवा तिला किती अडवते हे सांगणारा आणि कंपन्यांच्या पत्रकांत 'सीडी' म्हणून छापला जाणारा आकडा, 0.33. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा थोडी विरळ आहे. तीस अंश तापमानाला एका घनमीटरमध्ये ती साधारण 1.09 किलो भरते, तर मुंबईत 1.16 किलो. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाताना गाडीच्या तोंडावर हवेचा जो दाब पडतो तो या घनतेला सुमारे 420 पास्कल येतो. त्याला क्षेत्रफळाने आणि रोधांकाने गुणले की हवेचा रोध 305 न्यूटन मिळतो. टायरांचा रोध साधारण 160 न्यूटन धरला तर एकूण 465 न्यूटन होतात, आणि त्या वेगाने गाडी ओढत राहण्यासाठी चाकांपाशी 13 किलोवॉट शक्ती लागते.

आता तीच गाडी शंभराला पाच या प्रमाणात चढणाऱ्या घाटात ताशी 40 किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजू. केवळ चढासाठी 735 न्यूटन लागतात, टायरांचे 160 तसेच राहतात आणि हवेचा रोध जेमतेम 50 न्यूटन उरतो. बेरीज 945 न्यूटन, आणि शक्ती साडेदहा किलोवॉट. म्हणजे इंजिनावरचा भार जवळपास तेवढाच आहे, शिवाय वरच्या फेऱ्यांवर फिरणाऱ्या इंजिनाची आणि एसीच्या कॉम्प्रेसरची भर वेगळीच. परंतु तोंडावरचा हवेचा दाब वेगाच्या वर्गाने घटत असल्यामुळे तो 420 वरून 67 पास्कलवर आला आहे. रांगेत अडकून वेग 20 वर आला की दाब 17 पास्कलच राहतो. उष्णता तेवढीच आणि ती वाहून नेणारा वारा मात्र नाहीसा झालेला, अशी ती अवस्था असते. रेडिएटर, पंखा आणि जाळी यांची मापे ठरवणाऱ्या अभियंत्याच्या डोळ्यांपुढे हीच अवस्था असते, कारण गाडी तापून घाटात उभी राहिली तर गिऱ्हाईक कंपनीला माफ करत नाही. लिटरमागे दोनशे-तीनशे मीटर कमी मिळाले तर त्याला ते कळतही नाही.

घाटातली अडचण आणखी एका कारणाने वाढते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. केबिनमधून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने घातलेली भर अशी मिळून पाच-सहा किलोवॉट उष्णता तो त्याच हवेत सोडतो, जी पुढच्याच क्षणी रेडिएटरमध्ये जाणार असते. सेकंदाला अर्धा किलो हवा आत येत असेल तर ती कंडेन्सरमधून बाहेर पडेपर्यंत दहा-बारा अंशांनी तापलेली असते. म्हणजे बाहेर चाळीस अंश असताना रेडिएटरला मिळणारी हवा पन्नासच्या वर गेलेली असते आणि आतला कूलंट, म्हणजे इंजिनातली उष्णता रेडिएटरपर्यंत आणणारे पाणी, शंभराच्या आसपास. दोहोंतला फरक पन्नासाच्याही खाली येतो. डिसेंबरातल्या पहाटे एसी बंद असताना हाच फरक ऐंशीच्या वर असतो. तापमानातला फरक जितका जास्त तितकी तेवढ्याच हवेने जास्त उष्णता वाहून नेली जाते, म्हणून थंडीत महामार्गावर एकीकडे हवेची गरज कमी होते आणि दुसरीकडे वेगामुळे ती भरमसाट आत शिरते.

शिरली तर शिरली, त्यात नुकसान काय, असे कोणी विचारील. नुकसान समजण्यासाठी गाडीत बसून नव्हे, तर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे लागते. गाडीतून पाहिले की वारा आपल्या अंगावर येतो असे वाटते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला मात्र हवा स्थिर आहे आणि गाडी तिच्यात घुसते आहे हे दिसते. जाळीतून आत गेलेली हवा रेडिएटरच्या पातळ पत्र्यांतून, पंख्याच्या पात्यांमधून, इंजिनाच्या आणि नळ्या-तारांच्या गर्दीतून ठेचकाळत जाते आणि त्या प्रवासात गाडीबरोबर ओढली जाते. धावत्या टेम्पोने रस्त्यालगत ठेवलेल्या कांद्याच्या गोण्या एकामागून एक उचलाव्यात, थोडे अंतर न्याव्यात आणि पुन्हा खाली टाकाव्यात, तसा हा उद्योग आहे. प्रत्येक गोणीला टेम्पोचा वेग द्यावा लागतो आणि ती टाकून दिली तरी दिलेला वेग परत मिळत नाही.

याचा हिशेब करणे कठीण नाही. रेडिएटरचे तोंड 60 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच धरू. गाडी ताशी 100 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर वेगाने जात असली तरी रेडिएटरमधून जाणारी हवा तेवढ्या वेगाने जात नाही. तिचा वेग गाडीच्या वेगाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तो सेकंदाला 4 मीटर धरला तर सेकंदाला साधारण एक किलोहून थोडी जास्त हवा आत ओढली जाते. ही सगळी हवा गाडीच्या वेगाला आणून सोडली असे मानले तर लागणारे बल 29 न्यूटन येते, म्हणजे 305 पैकी जवळजवळ एक दशांश. ही वरची मर्यादा झाली. हवा बाहेर पडताना मागच्या दिशेने थोडा वेग घेऊन पडली तर नुकसान तेवढे कमी होते. प्रत्यक्ष गाड्यांमध्ये थंडाव्याच्या हवेमुळे रोधांकात पडणारी भर बहुधा 0.01 ते 0.03 या दरम्यान असते, आणि आपला हिशेबाचा आकडा त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येतो, हे समाधानकारक आहे.

आता त्याच सेकंदाला एक किलो हवेने उष्णता किती नेता येते ते पाहा. हवा तीस अंशांनी तापली तर ती तीस किलोवॉटच्या आसपास उष्णता घेऊन जाते. ताशी 100 किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर चाकांना 13 किलोवॉट पुरवणाऱ्या पेट्रोल इंजिनातून कूलंटमध्ये जाणारी उष्णताही साधारण त्या 13 किलोवॉटच्याच मापाची असते, कारण इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये जातो. म्हणजे गरजेपेक्षा निदान दुप्पट हवा आपण गोळा करतो, तिला वेग देतो आणि रस्त्यावर टाकून देतो. भाच्याला हवा असलेला आकडा येथे मिळतो. भर 0.02 धरली तर ताशी 100 ला ती 18 न्यूटनच्या आसपास होते, एकूण 465 पैकी चार टक्के. जाळी निम्मी झाकून ही भर अर्धी करता आली तर महामार्गावर लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी सव्वाअठरा किंवा त्याहून किंचित जास्त देईल. शहरात द्वारका चौकाच्या गर्दीत मात्र या सगळ्याचा परिणाम शून्य मानावा.

आतापर्यंतचा हिशेब वाचून जाळी बंद केली की ठरावीक रोध वजा होतो असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रोचक भाग हाच आहे. जाळी बंद केली की आत जाणारी हवा आता बाजूंनी आणि बोनेटवरून जाऊ लागते. बंपरच्या कोपऱ्यांवरून वळताना तिचा वेग आणि कोन बदलतो, आणि ती पृष्ठभागाला चिकटून राहील की सुटून भोवरे करील हे त्या कोपऱ्याच्या गोलाईवर अवलंबून असते. चांगल्या गोलाईच्या कोपऱ्यावर ही जादा हवा चिकटून वाहते आणि तेथे जो कमी दाब तयार होतो तो गाडीला पुढे ओढण्याच्या कामी येतो. धारदार कोपऱ्यावर तीच हवा सुटते आणि अपेक्षित फायदा मिळत नाही. तिकडे आतली हवा बाहेर पडण्याची जागाही महत्त्वाची असते. बहुतेक गाड्यांत ती इंजिनाच्या खालून रस्त्याच्या दिशेने आणि पुढच्या चाकांच्या कमानींतून बाहेर पडते. गाडीच्या पोटाखालून वाहणाऱ्या प्रवाहात ही गरम, भोवऱ्यांनी भरलेली हवा आडवी शिरली की तो प्रवाह बिघडतो, आणि पुढच्या भागाखाली दाब वाढून पुढची चाके थोडी हलकी होतात. म्हणून जाळीचा रोध मोजायचा तर पवनबोगद्यात, म्हणजे उभ्या गाडीवर मोजून वारा सोडण्याच्या दालनात, गाडी एकदा उघड्या जाळीने आणि एकदा पूर्ण झाकलेल्या जाळीने तपासतात आणि दोन्ही आकड्यांतला फरक घेतात. त्या फरकात आतले नुकसान आणि बाहेरच्या प्रवाहातला बदल दोन्ही मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करणे सोपे नसते.

अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींत संघ हे ज्ञान चिकटपट्टीने वापरत आले आहेत. पात्रता फेरी काही मिनिटांचीच असते, तेवढ्या वेळात इंजिन तापून बिघडत नाही. म्हणून जाळीवर पट्ट्या लावून ती जवळजवळ बंद करायची, त्याने रोधही घटतो आणि पुढची चाके रस्त्याला जास्त दाबली जातात. लांब शर्यतीत मात्र पट्टी किती ठेवायची यावर चर्चा चालते आणि थांब्यावर ती कमी-जास्त केली जाते. आपल्या घाटाचा आणि महामार्गाचा झगडाच तेथे माणूस हाताने सोडवतो.

जाळीचे भोक किती मोठे असावे यापेक्षा ते कुठे असावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गाडीच्या तोंडावर एक अशी जागा असते जेथे येणारी हवा पूर्ण थांबते आणि तेथून वर, खाली, बाजूंना फुटते. दाब सर्वांत जास्त तेथेच असतो. बहुतेक मोटारींत ही जागा बंपरच्या उंचीच्या आसपास येते. तेथे लहानसे भोक ठेवले तरी पुरेशी हवा मिळते, तर बोनेटच्या कडेजवळ, जेथे हवा आधीच वर वळून वेगाने निघालेली असते, तेथे दुप्पट मोठे भोकही कमी काम करते. म्हणूनच आजच्या अनेक गाड्यांत बोनेटखालची चकचकीत, रुंद जाळी बहुतांशी आंधळी असते. मागे काळे प्लॅस्टिक असते आणि खरी हवा नंबर प्लेटच्या खालच्या फटीतून जाते. कॉलेज रोडवर गाडी लावताना शेजारच्या गाडीच्या जाळीकडे टॉर्च मारून पाहा, किती खाने खरे आणि किती खोटे ते लगेच दिसते. लोकांना मोठे तोंड हवे असते आणि हवेला लहान. कंपन्या दोघांनाही खूश करतात. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यात बनणाऱ्या स्कॉर्पिओसारख्या उंच, सपाट तोंडाच्या गाडीत थांबलेल्या हवेचा हा पट्टा जास्त रुंद असतो, पण तत्त्व तेच.

भोकामागे काय आहे हेही तितकेच पाहण्यासारखे असते. चांगल्या रचनेत लहान तोंडापासून रेडिएटरपर्यंत एक हळूहळू रुंद होत जाणारा बंदिस्त मार्ग असतो. मार्ग रुंदावला की हवेचा वेग कमी होतो आणि तिचा दाब वाढतो. रेडिएटरच्या पत्र्यांत होणारे नुकसान वेगाबरोबर झपाट्याने वाढत असल्याने सावकाश गेलेली हवा तेवढीच उष्णता कमी खर्चात नेते. त्यामुळे मोठ्या क्षेत्रफळाचा पातळ रेडिएटर आणि त्यापुढे लहान तोंड ही जोडी, लहान जाड रेडिएटर आणि मोठे तोंड या जोडीपेक्षा बहुधा सरस ठरते. अर्थात त्यासाठी मार्ग खरोखर बंदिस्त असायला हवा. रेडिएटरच्या कडांना असलेल्या फटींतून हवा निसटली तर तिला वेग देण्याची किंमत मोजावीच लागते आणि थंडाव्याचे काम मात्र होत नाही. त्याहून वाईट म्हणजे सावकाश चालताना इंजिनाकडची गरम हवा त्याच फटींतून उलटी पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा रेडिएटरमध्ये ओढतो.

विमानांच्या इतिहासात या मार्गाने एक चमत्कार करून दाखवला होता. 1930 च्या दशकात ब्रिटनच्या फार्नबरो येथील संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या मेरेडिथ यांनी दाखवले की रेडिएटर नीट घडवलेल्या नळीत बसवला, पुढे मार्ग रुंदावला आणि मागे निमुळता केला, तर रेडिएटरने दिलेल्या उष्णतेने फुगलेली हवा मागून वेगाने बाहेर पडते आणि रोधाचा मोठा भाग भरून काढते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालची ती प्रसिद्ध पिशवी याच विचाराची. मोटारीत हे जमेल का, असे विद्यार्थी दरवर्षी विचारीत. तत्त्वतः जमते, पण हा लाभ वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ताशी 100 किलोमीटर हा वेग त्यासाठी फारच तोकडा आहे. शिवाय मोटारीत रेडिएटरमागे निमुळती नळी ठेवण्याच्या जागी इंजिन असते.

पंख्याविषयी थोडेसे. जुन्या ॲम्बेसिडरमध्ये पंखा पट्ट्यावर फिरत असे, गरज असो वा नसो, आणि त्याची शक्ती इंजिनातूनच जात असे. आजचा विजेचा पंखा गरजेपुरता फिरतो आणि घाटात हवेचा जो दाब नसतो तो तयार करतो. मात्र महामार्गावर तोच पंखा आणि त्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण हवेच्या वाटेत अडथळा होतात. म्हणून काही गाड्यांत त्या आवरणात रबराच्या झडपा ठेवलेल्या असतात, ज्या वेग वाढला की दाबाने आपोआप उघडतात.

या सगळ्या ओढाताणीवरचा उघड उपाय म्हणजे जाळी घाटात उघडी आणि सपाटीवर बंद ठेवणे. जाळीमागे खिडकीच्या पट्ट्यांसारख्या आडव्या पट्ट्या आणि त्यांना फिरवणारी लहान मोटर बसवायची. कूलंटचे तापमान, एसीतला दाब आणि गाडीचा वेग पाहून गाडीचा संगणक त्या उघडतो किंवा मिटतो. कल्पना नवी नाही. 1920 च्या दशकातल्या रोल्स-रॉइसच्या फँटमवर रेडिएटरपुढे उभ्या झडपा होत्या, पण त्या इंजिन लवकर गरम व्हावे यासाठी, रोधासाठी नव्हे. आताच्या झडपांना दोन्ही लाभ मिळतात: थंड सकाळी इंजिन लवकर तापते, म्हणजे सुरुवातीची जादा इंधनाची मिनिटे कमी होतात, आणि वेगात रोध घटतो. बहुतेक रचनांत मोटर बिघडली तर पट्ट्या उघड्या राहतील अशी तजवीज असते, हे शहाणपणाचे आहे.

मग आपल्याकडच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये त्या का दिसत नाहीत? किंमत हे एक कारण आहेच, पण मला दुसरे कारण जास्त वजनदार वाटते. आपल्याकडे इंधनाच्या वापराचा प्रमाणित आकडा ज्या चाचणीतून येतो त्या मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलमध्ये कमाल वेग ताशी 90 किलोमीटर आहे आणि तिचा मोठा भाग 50 च्या आत चालतो. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. आपल्याच उदाहरणात ती 100 ला साडेआठ किलोवॉट आहे आणि 120 ला साडेचौदा. ज्या वेगाला झडपा खऱ्या कमाई करून देतात तो वेग चाचणीत येतच नाही, त्यामुळे पत्रकावरच्या आकड्यात त्यांचा पुरेसा मोबदला दिसत नाही, आणि जे पत्रकावर दिसत नाही त्यावर कंपनी खर्च करीत नाही. समृद्धीवर रोज 120 ने जाणाऱ्या माणसाची गरज आणि चाचणीचा कागद यांत हे अंतर आहे.

इलेक्ट्रिक गाडीत गणित वेगळे बसते. मोटर आणि तिची नियंत्रणे मिळून फेकतात ती उष्णता इंजिनाच्या मानाने फारच थोडी असते, म्हणून तोंड बंद ठेवणे शक्य होते. टेस्लाच्या मॉडेल 3 चा रोधांक 0.23 इतका खाली येण्यात तिच्या बिनजाळीच्या तोंडाचाही वाटा आहे. तरीही खालची फट राहतेच, कारण एसी आहे आणि बॅटरीही आहे. बॅटरीला साधारण माणसाला सोसेल तेवढेच तापमान मानवते. आपल्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच त्याहून गरम असल्यामुळे नुसत्या वाऱ्याने ती थंड होत नाही, तिला एसीच्याच यंत्रणेने थंड करावे लागते. गंमत अशी की तिला हवेची सर्वांत मोठी भूक लागते ती जलद चार्जिंगच्या वेळी, म्हणजे गाडी उभी असताना, जेव्हा तोंडावर वाऱ्याचा दाब शून्य असतो आणि सगळे काम पंख्यालाच करावे लागते. अशा गाडीत झडपा पेट्रोल गाडीपेक्षाही जास्त शोभतात, कारण चालताना त्या बहुतेक वेळ मिटलेल्या राहू शकतात. भारतात 2025 च्या जानेवारीत आलेल्या ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये त्या दिलेल्या आहेत. बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे किती किलोमीटर मिळतात हे गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून पाहत असल्याने येथे एका टक्क्यालाही भाव येतो.

यावर भाच्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: "मग मी हिवाळ्यात जाळीमागे पुठ्ठा लावला तर?" लावू नये. पुठ्ठ्याला घाट कळत नाही. तो कंडेन्सरची हवाही अडवतो, त्यामुळे एसीतला दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, पंखा सतत फिरू लागतो आणि वाचवलेले इंधन त्यातच जाते. पुढे जाडजूड पाइपांचे बुलबार लावण्याचा नाद तर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवला आहे. पादचाऱ्यांची आणि एअरबॅगची कारणे त्यामागे होती, पण हवेच्या दृष्टीनेही ते जाळीपुढचे निरर्थक लोढणेच आहे.

गाडीमालकाच्या हातात असलेली खरी गोष्ट यापेक्षा साधी आहे. बंपर काढून काही काम झाले असेल, तर जाळी आणि रेडिएटर यांच्यामधली प्लॅस्टिकची पत्री, कडांच्या फोमच्या पट्ट्या आणि इंजिनाखालचा तळझाकणा हे सगळे परत बसवले आहे का, ते स्वतः वाकून पाहावे. मागे एकदा आमच्या गाडीचे पुढचे काम करून आणले तेव्हा यातल्या दोन वस्तू गॅरेजच्या कोपऱ्यातच राहिल्या होत्या, आणि "त्याने काही होत नाही, काका," असे मला तेथे सांगण्यात आले. होते ते असे, की सपाट रस्त्यावर कळत नाही, चाचणीत दिसत नाही, आणि नांदुरीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा एक रेघ वर दिसतो. फोमच्या पट्ट्या फार महाग नसतात. भाच्याने गाडी कोणतीही घेतली, तरी पहिल्या सर्व्हिसिंगनंतर त्या जागेवर आहेत ना, ते पाहायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे.